पुलाजवळचे ठोके

आमच्या दक्षिण गोलार्धात मे म्हणजे हिवाळ्याची सुरुवात; या महिन्यात सकाळचा उजेड प्रथम पाण्याच्या टाकीवर येतो. टाकीचा राखाडी पत्रा किंचित पिवळसर होतो, आणि त्यानंतर बराच वेळ काहीच घडत नाही. मग कुंपणाची सर्वांत वरची तार दिसू लागते. खालच्या तारा अजून अंधारात असतात, त्यामुळे ती एकटीच कुणीतरी हवेत ओढून ठेवलेल्या रेघेसारखी वाटते. तारेवर गोठलेल्या थेंबांमधून जाताना उजेड घाई करत नाही. पुढे तो निलगिरीच्या खोडांवर उतरतो, जिथे साल सुटून लोंबते आहे तिथे जरासा गुलाबी होतो, आणि तिथून गवतावर येतो. गवत हिमाने पांढरे असते. फक्त घोडी रात्री जिथे पडली होती तेवढा तुकडा ओला आणि हिरवा, तिच्या अंगाच्या आकाराचा. सर्वांत शेवटी उजेड तिच्या पाठीवर पोचतो, आणि तिच्या कातडीतून इतका वेळ न दिसणारी वाफ दिसू लागते. या उजेडात विशेष काही नाही. माझा भाऊ हेबेर होता तेव्हाही तो याच क्रमाने येत असे. निदान एखाद्या दिवशी त्याने क्रम चुकवायला हवा होता, असे मला कधी कधी वाटते.

याच वेळी मी घोडीची, कलांद्रियाची, नाडी बघतो. स्टेथोस्कोपची चकती आधी स्वतःच्या काखेत धरून ऊबदार करायची, मग घोडीच्या डाव्या कोपराच्या मागे, जिथे खोगीर आवळायचा तंगाचा पट्टा येतो तिथे, अलगद टेकवायची. डोळे मिटायचे. तंदुरुस्त घोड्याच्या दोन ठोक्यांमध्ये एवढी शांतता असते की नवख्या माणसाला वाटते, संपले. मग खोलवरून, घराच्या दूरच्या खोलीत कुणी लाकडी पेटी खाली ठेवावी तसा, पुढचा ठोका येतो. मिनिटाला जेमतेम तीस. माझ्या भावाने तीन हिवाळे खपून तिला इथवर आणले होते. हृदयाला सावकाश शिकवावे लागते, असे तो म्हणे, आणि मला तिच्याजवळ उभे करून ऐकायला लावी. मला घोड्यावर बसण्यापेक्षा हे ऐकणे जास्त आवडत असे. तो मला त्याबद्दल कधी हसला नाही.

हेबेर गेल्या ऑगस्टमध्ये गेला. ओढ्यावरच्या पुलाशी, धुक्यात, ओंडके वाहणारा ट्रक समोरून आला. घोडीने बाजूला चराकडे उडी घेतली आणि हेबेरचे डोके पुलाच्या दगडी कठड्यावर आपटले. घोडी एकटीच घरी आली. तिच्या गुडघ्यांवर खरचटले होते, एवढेच.

आता रविवारी आमच्या गावच्या क्लबची राइद होती. राइद म्हणजे आमच्याकडची लांब पल्ल्याची शर्यत. गावातून निघायचे, मातीच्या रस्त्यांनी दूरवर जाऊन परत गावात यायचे. वडिलांनी कलांद्रियाचे नाव दिले होते. हेबेरचा हिरवा-पांढरा शर्ट घालून तिच्यावर मी बसायचे, असे त्यांनी ठरवले होते. भाऊ गेल्यापासून त्यांनी स्वतःहून ठरवलेली ही पहिलीच गोष्ट होती, आणि म्हणून घरात तिच्याविरुद्ध कुणी अवाक्षर काढले नव्हते.

राइदमध्ये अर्ध्या वाटेवर सक्तीची विश्रांती असते. तिथे डॉक्टर घोड्याच्या छातीला कान लावतात, आणि ठरलेल्या वेळात ठोके ठरलेल्या आकड्याच्या खाली आले नाहीत तर त्या घोड्याची शर्यत तिथेच संपते. त्यामुळे तिथे सगळे कुजबुजत बोलतात. घोड्यावर पाणी ओततात, बर्फ लावतात, पोत्याने वारा घालतात. कलांद्रियाची मात्र एक वेगळीच अडचण होती. हेबेर नजरेस पडला, नुसता त्याचा खोकला जरी ऐकू आला, की तिचे खाली आलेले ठोके भराभर वर जात. म्हणून आमची माणसे खोगीर उतरताच त्याला पिकअपच्या मागे पिटाळत. हे काम पोचोकाकांचे. ते वडिलांचे लहानपणापासूनचे मित्र आणि आमच्या पिकअपचे चालक.

"नवरदेवाला मागे घ्या रे," ते म्हणत. "नवरी लाजली की आपण सगळे घरी."

मग मोकळ्या पाण्याच्या बाटल्या मांडीवर घेऊन हेबेर टायरला टेकून बसे, तोंडावर हात धरून, आणि मी गाडीच्या टपावरून त्याला बोटांनी आकडा दाखवी. आमच्या भागात कलांद्रियाची ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती.

म्हणूनच पुलाजवळ जे होत होते ते समजायला मला वेळ लागला नाही.

फेब्रुवारीत मी तिला पुन्हा रपेटीला नेऊ लागलो. तंगाखाली ठोके मोजणारा पट्टा बांधलेला असतो, आणि त्याचा आकडा मनगटावरच्या घड्याळात दिसतो. घड्याळ हेबेरचेच, त्याचा पट्टा मला एक भोक आत घ्यावा लागतो. पहिल्या दिवशी ओढ्याकडचा मुरमाचा उतार सुरू झाला आणि दुडक्या चालीत काहीही फरक नसताना आकडा चढू लागला. चढत गेला. पुलावर तो एखाद्या टेकडीच्या माथ्यावर असावा तेवढा होता. पलीकडची मऊ मातीची वाट लागली, आणि थोड्या अंतरावर तो निमूटपणे खाली आला. दुसऱ्या दिवशी तसेच. तिसऱ्या दिवशीही. मी तिचे कान पाहिले. मागून, धुक्यात, कान नेमके कुठे वळले आहेत हे सांगणे अवघड असते. ते पुढे टवकारलेले आहेत असे मी ठरवले.

तिला तो दिसत होता. मला दिसत नव्हता, पण मला तो कधी फारसा दिसलाच नव्हता. तो नेहमी माझ्या पुढे, घोड्यावर, पाठमोरा असे. माझ्यासाठी तो आकडाच पुरेसा होता. घड्याळातला तो चढता आकडा म्हणजे कठड्याला टेकून बसलेला माझा भाऊ, मांडीवर बाटल्या, तोंडावर हात.

तेव्हापासून मी रोज खोगिराला पाण्याची बाटली लावून नेऊ लागलो. शर्यतीत रस्त्याकडेला उभी असलेली आपली माणसे घोड्यावर पाणी उडवतात, तसे पुलावरून जाता जाता मी कठड्यावर पाणी उडवी आणि हळूच घरची बातमी सांगे. बाबांनी काल दाढी केली. पोचोकाकांच्या कुत्रीला पिल्ले झाली. एकही दिवस मी तिथे थांबलो मात्र नाही. आपण ज्याच्याकडे वळून बघत नाही, तो उठून गेला तरी आपल्याला कळत नाही. मला ते कळायला नको होते.

शर्यतीच्या आधीच्या गुरुवारी मिर्ता आली. ती आमच्या भागातली घोड्यांची डॉक्टर. विश्रांतीच्या वेळी ठोके मोजायला तीच बसते, म्हणून तिच्याशी सगळे जरा गोडीने बोलतात. तबेल्याच्या दारात येर्बाचा, म्हणजे आमच्याकडच्या कडू पाल्याच्या चहाचा, भोपळा हातोहात फिरत होता. पोचोकाका गरम पाणी ओतून देत होते.

"या डॉक्टर," ते म्हणाले. "आज ठोके मोजणार की आमची पापं?"

"तुमची पापं मोजायला बसले तर दुपार होईल. पाणी उकळलं नाही ना? गेल्या वेळी जीभ भाजली माझी."

"जीभ भाजूनही बोलणं काही कमी झालं नाही."

माझी पाळी आली तेव्हा मी भोपळा रिकामा करून परत दिला आणि चुकून 'आभारी आहे' म्हणालो. आमच्यात याचा अर्थ आता मला नको. त्यानंतर भोपळा मला वगळूनच फिरत राहिला, आणि मी हात खिशात घालून उभा राहिलो.

मिर्ताने घोडीच्या पायांवरून हात फिरवला, मग माझ्याकडे हात पसरला. "घड्याळ दे बघू."

मी दिले. ती रोजच्या रपेटीच्या आलेखांवरून अंगठा सरकवत राहिली. एके ठिकाणी अंगठा थांबला, मागे गेला, पुन्हा तिथेच आला.

"ही टेकडी कुठली?"

"टेकडी नाही," मी म्हणालो. "उतार आहे. पुलाकडचा."

"उतारावर नाडी चढते हिची? रोज?"

वडील इतका वेळ खोगिराची वादी तेल लावून मऊ करत होते. त्यांनी मान वर केली नाही. "तिथंच झालं ना ते," ते म्हणाले. "तिला आठवतं."

मिर्ताने घड्याळ त्यांच्यापुढे धरले. "आठवत असेल, ओविदिओ. नाही म्हणत नाही मी. पण भीती अशी दिसत नसते. भीती उडी मारते आणि खाली येते. पोचो पिशवी फडफडवतात तेव्हा होतं ना, तसं. हे बघा. हे हळूहळू चढतंय, आणि मऊ माती लागेपर्यंत वरच राहतंय. मला हे दुखण्यासारखं दिसतंय. चाल बिघडायच्या आधी नाडी सांगते."

"तूच तिला पळवून बघितलीस. ऑगस्टात, आणि मार्चमध्ये परत."

"बघितली. हिरवळीवर. हिरवळीवर सगळेच घोडे सभ्य असतात."

"मग आता काय करू म्हणतेस?"

"शहरात न्या. पायाचा फोटो काढा."

"सोमवारी काढू."

"सोमवारी फोटो काढायला पाय शिल्लक ठेवा म्हणजे झालं."

पोचोकाकांनी हसण्यासाठी तोंड उघडले आणि तसेच मिटले. वडील वादीला तेल लावत राहिले. वादी केव्हाच मऊ झाली होती.

मिर्ताला लगेच निघायचे होते, पलीकडच्या वाडीवर कुणाच्या घोड्याचे पोट धरले होते. मी तिची पेटी घेऊन गाडीपर्यंत गेलो. आत बसल्यावर तिने काच खाली घेतली.

"तू कधी थांबलायस तिथं?"

"कुठं?"

"पुलावर रे. घोडी उभी करून."

"नाही."

"उद्या थांब. ती भीत असेल, किंवा तिला..." ती आरसा नीट करू लागली, जो मुळातच नीट होता. "किंवा तिला तिथं काही जाणवत असेल, तर ती उभी राहिली म्हणून नाडी खाली येणार नाही. उलट वरच राहील. पण खाली आली, तर चालताना दुखतंय. मग मला फोन कर. मी ओरडणार नाही."

"आणि नाही आली तर?"

"तर मी चुकले. रविवारी टाळ्या वाजवीन तुझ्यासाठी." तिने गाडी सुरू केली. "एलिसेओ, पाचशे किलोचं जनावर आहे. पाय मोडला तर मी फक्त एकच गोष्ट करू शकते. ते मला तुमच्या घरातल्या घोडीला करायला लावू नकोस."

संध्याकाळी वडिलांनी शर्ट धुऊन चुलीजवळच्या दोरीवर वाळत घातला. हिरव्या-पांढऱ्या बाह्या आगीच्या उबेने हलत होत्या. मी बटाटे सोलत होतो. माझ्याकडे पाठ करून ते म्हणाले, "तिथं ती कान कसे करते रे?"

तेव्हा मला कळले की त्यांनाही आकडा माहीत आहे. मी झोपल्यावर ते घड्याळ उचलून बघत असणार, त्याच एका चढावर अंगठा ठेवून. आमच्या घरात हेबेर आता तेवढ्यातच राहत होता, आणि आम्ही दोघे त्याला एकमेकांपासून लपवून भेटत होतो.

"पुढे," मी म्हणालो.

"पुढे," त्यांनी मान डोलावली. दोरीवरचा शर्ट त्यांनी उलटा केला, दुसरी बाजू वाळावी म्हणून. "मग बरोबर आहे. दुखत असतं तर मागे केले असते."

बटाटे उकडले, आम्ही जेवलो. जेवताना ते मांसाचा तुकडा माझ्या ताटात सरकवून म्हणाले, "खा. रविवारी बळ लागेल." असे ते हेबेरला म्हणत.

दुसऱ्या दिवशी पोचोकाका पिकअप घेऊन सोबत यायला निघाले होते. मी नको म्हणालो.

"का रे? एकांत हवाय?"

"घोडीला गाडीचा आवाज नको."

"माझ्या गाडीला म्हातारीसारखा खोकला आहे, खरंय," ते म्हणाले आणि हसले. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "बरं. जा. सावकाश."

टाकी पिवळी झाली होती, वरची तार दिसू लागली होती. निलगिरीच्या रांगेपर्यंत घोडी चालत गेली, तिथून दुडकी. आकडा जसा असायला हवा तसा होता. तिचा श्वास आणि माझा श्वास, दोन्ही पांढरे, एकाच बाजूला वाहत होते. उतार आला. मुरूम टापांखाली वाजू लागला, आणि आकडा नेहमीसारखा चढू लागला. मला नेहमीसारखेच वाटले: तो तिथे आहे. धुक्यातून कठडा वर आला. एरवी मी इथे बाटली काढत असे.

मी लगाम ओढला.

इतक्या महिन्यांत प्रथमच टापांचा आवाज पुलावर थांबला. खाली ओढा वाहत होता. तो इतका आवाज करतो हे मला ठाऊक नव्हते. आपण कुणाच्या तरी खोलीत न विचारता शिरलो आहोत, असे मला वाटले. मी घड्याळाकडे न बघता समोर बघत राहिलो. कठड्यावर शेवाळ होते. एका ठिकाणी, रोज पाणी पडून, ते इतर ठिकाणांपेक्षा हिरवे झाले होते. तेवढी एकच खूण होती, आणि ती माझी होती.

मग मी घड्याळ पाहिले. आकडा उतरत होता, एकसारखा, कुठेही न अडखळता, विश्रांतीत डॉक्टरांसमोर उतरावा तसा. मनात म्हणालो, थांब. तो थांबला नाही. दुडक्या चालीच्या खाली आला, चालण्याच्या खाली आला. घोडीने मान खाली घालून लगामाची कडी चघळली. एका मागच्या पायावरचा भार तिने सैल सोडला, जसा ती तबेल्यात दुपारी सोडते.

"हेबेर," मी म्हणालो.

मोठ्याने म्हणालो. त्या मृत्यूनंतर हे नाव मी घराबाहेर उच्चारलेच नव्हते. घोडीचा एक कान माझ्याकडे वळला, माझा आवाज म्हणून, आणि परत गेला. मी खोकलो, त्याच्यासारखा, घशातून, दोनदा. पिकअपच्या मागून आलेल्या अशाच खोकल्याने एकदा आमची शर्यत जाता जाता राहिली होती. आकडा तसाच राहिला. माझेच ठोके कानात वाजत होते. पट्टा माझ्या छातीला असता, तर चढता आकडा तेवढा माझाच दिसला असता.

किती वेळ गेला कळले नाही. धुके विरळ झाले आणि उजेड पुलावर आला. तिथेही त्याचा एक क्रम असतो, हे मला तेव्हा दिसले: आधी कठड्याची वरची कड, मग शेवाळ, मग रस्त्यातले पाणी.

मी खाली उतरलो. लगाम हातात धरून तिला कडेच्या गवतावरून उतार चढवून वर नेले. गवतावर आकडा हलला नाही. वरून वळवून मुरमावरून, नुसती चालवत, खाली आणू लागलो. पाठीवर आता कुणी नव्हते. पुलाकडे तोंड होते, पण पुलापासून आम्ही अजून दूर होतो, आणि आकडा चढू लागला. मी तिला पुन्हा गवतावर घेतले. उतरला. पुन्हा मुरमावर. चढला. आता मी तिच्या बाजूला, पायी, उजेडात होतो, त्यामुळे मला तिचे कान दिसत होते. ते मागे होते, मानेला टेकलेले. प्रत्येक पावलाला एक पाय किंचित लवकर उचलला जात होता, गरम तव्यावर पडल्यासारखा. एवढासा फरक. घोड्यावर बसलेल्याला तो जाणवला नसता. निदान ज्याला जाणवून घ्यायचा नव्हता त्याला नाहीच.

मी तिला पुलाशी गवतावर उभी केली. वडिलांचा विचार मनात आला. चुलीजवळचा शर्ट एव्हाना वाळला असेल, त्यांनी घडी करून माझ्या खाटेवर ठेवला असेल. कान पुढे होते, असे मी त्यांना सांगितले होते. आता घरी जाऊन त्यांच्यासमोर उभे राहायचे, आणि पुलावर कुणी नाही हेही त्यांनाच सांगायचे.

खिशात फोन होता. तो काढण्याआधी मी खोगिराची बाटली सोडवली. कठड्याकडे न पाहता खाली वाकलो आणि तळव्याने तिचा पाय चाचपला, ज्याला मुरूम नको होता तो. हिम पडलेल्या त्या सकाळी खुराच्या वरची जागा ऊबदार होती. मी सगळे पाणी सावकाश तिथे ओतले.

घोडीचा पुढचा डावा पाय दुखत होता.